कॉफीयंत्राचा गरुड आणि आपली सोवळी अभिरुची

घरातल्या एस्प्रेसो यंत्राची काळी मूठ काढून तिथे अक्रोडाची किंवा शिसवीची मूठ बसवणाऱ्या, यंत्राच्या पोलादी पत्र्याला रंग देऊन आणणाऱ्या, पुढच्या बाजूवरचे निर्मात्याचे नाव सोलून काढणाऱ्या माणसाविषयी सुशिक्षितांमध्ये दोन प्रकारची नाराजी आढळते. पहिली कॉफीतल्या जाणकारांची. ती एका प्रश्नात मावते: याने चव बदलते का? बदलत नसेल तर हा खटाटोप कशासाठी? दुसरी नाराजी आपल्या, म्हणजे साहित्य-संस्कृतीच्या वर्तुळातली असल्यामुळे तिला प्रश्नाची गरज भासत नाही. तिच्याजवळ निकाल तयार असतो. वस्तुपूजा, सुखवस्तू वर्गाची रिकामी हौस, उपभोगवादाचे आणखी एक खेळणे, असे तीन शिक्के एकापाठोपाठ उमटवले की विषय संपतो. प्रस्तुत लेखकाला या दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात, आणि दुसरी अधिक चुकीची वाटते. कारण ती ज्यांच्याकडून येते त्यांनी अलंकाराचा प्रश्न अभ्यासक्रमात रीतसर शिकलेला असतो.

दोन्ही भूमिकांच्या तळाशी गृहीतक एकच आहे. यंत्राला एक खरे, मूळ, नागडे शरीर असते आणि त्यावर कोणीतरी बाहेरून दागिना चढवतो, हे ते गृहीतक. ‘काव्यप्रकाशा’त मम्मटाने अलंकारांना हाराची उपमा दिली, तेव्हापासून हा हार वर्गावर्गांतून फिरतो आहे. शौर्य हा आत्म्याचा गुण, हार हा अंगावरचा. हार उतरवला तरी माणूस शिल्लक राहतो. विद्यार्थी हे उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात, आणि पुढे आयुष्यभर ‘केवळ आलंकारिक’ हा शब्दप्रयोग शिवीसारखा वापरतात. वामनाने अलंकार म्हणजेच सौंदर्य असे म्हटले होते, हेही त्याच अभ्यासक्रमात असते. पण ते दोन गुणांच्या टिपेपुरते उरते. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली ‘ऑर्नमेंट’ या निबंधात या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधले होते. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकरण म्हणजे एखादी गोष्ट पुरेशी करणे, तिला तिच्या कामासाठी सज्ज करणे. सज्ज या अर्थाकडून सजावट या अर्थाकडे आपण कधी घसरलो, आणि घसरलो हे आपल्याला जाणवलेही कसे नाही, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे.

आता यंत्राकडे वळू. १८८४ साली तूरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेका पेल्यापुरती कॉफी करण्याची युक्ती पेटंट केली, आणि देझिदेरियो पाव्होनी यांनी ते हक्क विकत घेऊन यंत्र बाजारात आणले. ही सुरुवातीची यंत्रे कशी दिसत? उभ्या पिंपासारखा बॉयलर, त्यावर घुमट, अंगावर पितळ, तांबे आणि मिनाकाम, आणि घुमटाच्या टोकावर पुष्कळदा पंख पसरलेला गरुड. तूरिनच्या व्हिक्टोरिया आर्दुइनो या कंपनीचा गरुड तर तिची ओळखच होऊन बसला. लिओनेत्तो काप्पिएल्लो यांनी १९२२ साली या कंपनीसाठी केलेले जाहिरातचित्र प्रसिद्ध आहे: आगगाडीच्या डब्यातून बाहेर झुकलेला प्रवासी आणि त्याला पेला देणारे ते यंत्र. वाफ, वेग आणि कॉफी या तिघांची सांगड एका चित्रात घातली गेली. सांगायचे ते असे की हे यंत्र जन्मालाच सालंकृत आले. आधी नागडे यंत्र होते, मग कोणा हौशी माणसाने त्याला नटवले, असा क्रम इतिहासात सापडत नाही. क्रम उलटा आहे: आधी गरुड, आणि मग गरुडाला उडवून लावणारी आधुनिकता.

ही आधुनिकता तरी नागडी होती का? आकिल्ले गाज्जा यांनी १९३८ साली नव्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, स्प्रिंगच्या दांड्याचे यंत्र आणले. वाफेच्या यंत्रात दाब जेमतेम दीड बारच्या आसपास असे. दांड्याच्या यंत्राने तो आठ-नऊ बारवर नेला आणि पेल्यात पहिल्यांदा तो तपकिरी-सोनेरी फेस दिसू लागला, ज्याला आज आपण क्रेमा म्हणतो. गिऱ्हाइकाला हा फेस संशयास्पद वाटण्याजोगा होता, म्हणून यंत्राच्या अंगावर शब्द घातले गेले: ‘क्रेमा काफ्फे नातुराले’, म्हणजे कॉफीची नैसर्गिक साय. या शब्दांकडे पुन्हा यायचे आहे, तूर्त रूपाविषयी. त्याच सुमारास जिओ पोन्ती या वास्तुविशारदाने पाव्होनीसाठी शिंगांसारखे नळ असलेले आडवे, चकचकीत यंत्र घडवले. १९५६ साली ब्रूनो मुनारी आणि एन्झो मारी यांनी त्याच कंपनीसाठी हिऱ्यासारखे पैलू पाडलेले यंत्र केले. १९६२ साली आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंच्या ‘पितागोरा’ यंत्राला इटलीतला काम्पास्सो दोरो हा मानाचा पुरस्कार मिळाला. या मंडळींनी गरुड काढला खरा, पण त्याच्या जागी जे आले ते काही यंत्राच्या कार्यातून आपोआप टपकलेले नव्हते. पैलू पाडल्याने कॉफी अधिक चांगली होत नाही. क्रोमचा मुलामा हा त्या काळाचा गरुड होता, एवढेच. मोटारगाडीच्या युगाने आपल्या देवतेचे चिन्ह बदलले.

तेव्हा ‘मूळ रूप’ बिघडवल्याची तक्रार करणाऱ्याने आधी सांगावे की मूळ रूप कोणत्या सालचे?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, आणि ती कॉफीवरच्या लिखाणात क्वचितच दिसते. १९३९ साली फ्लॉरेन्सच्या जुझेप्पे बाम्बी यांनी आडव्या बॉयलरचे पेटंट घेतले, आणि पुढे सगळा उद्योगच आडवा झाला. यंत्र बुटके झाल्याने गल्ल्यापलीकडचा माणूस आणि गिऱ्हाईक एकमेकांना दिसू लागले. कॉफी करणारा यंत्राच्या पुढे उभा राहतो. म्हणजे गिऱ्हाइकासमोर येते ती यंत्राची पाठ. उपाहारगृहातल्या यंत्राचे नाव, नक्षी, रंग हे सगळे पाठीवर असते ते यामुळे. पुढची बाजू ही कामाची जागा, पाठ ही दर्शनाची. हेच यंत्र लहान होऊन घरी आले तेव्हा त्याची पाठ भिंतीला लागली. आता दर्शन आणि काम या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला आल्या. करणारा आणि पाहणारा एकच झाला. घरगुती यंत्राच्या रूपाचा प्रश्न या एका उलटापालटीतून निर्माण झाला आहे. घरातला माणूस यंत्राचे तोंड बदलू पाहतो तेव्हा तो शेजाऱ्याला दाखवण्यासाठी बदलतो, असे म्हणणारा टीकाकार उपाहारगृहाचे व्याकरण घरावर लादतो. शेजारी सकाळी साडेसहाला आपल्या ओट्याशी येत नाही.

शुद्धतावाद्यांचे लाडके उदाहरण घेऊ. १९६१ साली एर्नेस्तो व्हालेन्ते यांच्या फाएमा कंपनीने ई-६१ हे यंत्र काढले. त्या वर्षी युरोपातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याचे नाव पडले. दांड्याची स्प्रिंग गेली, विजेचा पंप आला. कॉफी जिथून उतरते तो भाग, ज्याला ‘ग्रुप’ म्हणतात, हा सुमारे चार किलो वजनाचा क्रोमचढवला पितळी ठोकळा; त्यातून गरम पाणी सतत फिरत राहते आणि त्याचे तापमान टिकून राहते. दिवसभर एकामागून एक पेले काढणाऱ्या दुकानासाठी ही रचना उत्तम होती. पण आज हाच ठोकळा हजारो घरगुती यंत्रांच्या तोंडावर मिरवतो. घरात सकाळी दोन पेले आणि संध्याकाळी दोन. तेवढ्यासाठी चार किलो पितळ तापायला अर्धा तास द्यावा लागतो. दोन पेल्यांची तहान भागवण्यासाठी जो भाग अर्धा तास वीज खातो, तो घरात बव्हंशी अलंकार आहे. सुंदर अलंकार आहे, याबद्दल वाद नाही. त्याचा तो बाक, मधला बोल्ट, बाजूचा छोटा दांडा यांकडे पाहात राहावे असे वाटते. पण जो जाणकार या ठोकळ्यासाठी अर्धा तास आनंदाने थांबतो, त्याने शिसवीच्या मुठीला ‘निरुपयोगी’ म्हणताना जरा जपून बोलावे. मूठ निदान हाताला चटका बसू देत नाही.

अंगावरच्या शब्दांचे मी वर सांगितले. यंत्रावरचा मजकूर हा साहित्याच्या विद्यार्थ्याचा प्रांत आहे, तेव्हा त्याबाबत जरा अधिक. गाज्जांच्या यंत्रावरचे शब्द ही एक टीका होती, म्हणजे मल्लिनाथ ज्या अर्थाने टीका लिहितो त्या अर्थाने: अपरिचित गोष्ट कशी वाचावी हे ते शब्द सांगत होते. फेस ही घाण नाही, साय आहे; बरे, वाफेने नव्हे तर दाबाने आलेली आहे. आज स्वस्त घरगुती यंत्रांच्या कपाळावर काय लिहिलेले असते? ‘१५ बार’. कधी ‘१९ बार’, कधी ‘२० बार’. एस्प्रेसो उतरतो तो साधारण नऊ बार दाबाने. पंधरा हा आकडा लहान पंपाच्या कमाल क्षमतेचा. आत दळलेली कॉफी नीट भरली असेल आणि दाब आवरणारी झडप योग्य लावलेली असेल तर तो दाब कॉफीपर्यंत पोचत नाही, आणि पोचला तर कॉफी बिघडते. म्हणजे यंत्राच्या तोंडावर त्याच्या दोषाची शक्यता गुण म्हणून कोरलेली आहे. अतिशयोक्ती हा अलंकार आपण ओळखतो, पण अतिशयोक्तीला काव्यात एक प्रामाणिकपणा असतो: ती अतिशयोक्ती आहे हे ऐकणाऱ्याला कळावे अशीच ती केलेली असते. इथे तसे नाही. जो माणूस केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊन ही अक्षरे सोडवतो आणि पत्रा कोरा करतो, त्याला आपण ‘सजावट करणारा’ म्हणतो. वस्तुतः तो प्रक्षेप काढून टाकणारा संपादक आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जे कष्ट घेतले त्यांच्याशी याची तुलना करण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण वृत्ती एकाच कुळातली आहे.

आता आपल्या वर्तुळातल्या शिक्क्यांकडे. त्यांचे मूळ दोन ठिकाणी सापडते. १८९९ साली थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी ऐदी वर्गावरच्या आपल्या ग्रंथात हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने पाडलेला ॲल्युमिनियमचा चमचा यांची तुलना केली. दोघांचा उपयोग सारखा, सौंदर्य म्हणून जे भासते ते बरेचसे किमतीचे प्रतिबिंब. त्याच वर्षी व्हिएन्नात आडोल्फ लोस यांनी काफे म्युझियम नावाचे कॉफीगृह इतके साधे केले की लोकांनी त्याला ‘काफे निहिलिस्मस’ असे टोपणनाव दिले. याच लोस यांनी १९१० साली ‘अलंकार आणि अपराध’ हे व्याख्यान दिले. अंगावर गोंदणारा पापुआचा रहिवासी, गोंदवून घेतलेला कैदी, आणि या दोघांच्या वर बसलेला निरलंकृत आधुनिक युरोपीय माणूस, अशी त्याची मांडणी. आपल्याकडचे अलंकारद्वेष्टे हा निबंध आदराने उद्धृत करतात. ज्यांच्या आज्यांच्या हाताकपाळावर गोंदण होते त्यांनी तो इतक्या सहज मान डोलावून वाचावा, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

त्यातही लोस यांनी स्वतः काय बांधले? १९०८ चा व्हिएन्नातला अमेरिकन बार आजही आहे: संगमरवर, महोगनी, ऑनिक्स, पितळ, आणि छोट्याशा खोलीला अनंत करणारे आरसे. नक्षी नाही; फक्त पदार्थाची श्रीमंती आहे. म्हणजे अलंकार गेला नाही, तो कारागिराच्या हातातून निघून खाणमालकाच्या हातात गेला. आजच्या ‘साध्या’ पोलादी किंवा शुभ्र यंत्राचा साधेपणा याच जातीचा असतो. एकसंध, जोड न दिसणारा पत्रा, लपवलेले स्क्रू, अक्षरांशिवायची कळ: हे सगळे करायला खर्च येतो आणि तो साधेपणाच्या नावाखाली आपल्याकडून वसूल होतो. तरीही लोस यांचा एक मुद्दा माझ्या मते खणखणीत आहे. वस्तू जितकी टिकते तितका काळ तिचे रूप सुसह्य राहिले पाहिजे, असे ते म्हणतात. रूप आधी विटले तर श्रम वाया जातात. या कसोटीवर कोण उतरते ते पाहा. दर दोन वर्षांनी यंत्राचा मुखवटा बदलून जुन्याला जुनाट ठरवणारा निर्माता, की पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्र उघडून, रबरी कडी बदलून, पत्रा रंगवून पुन्हा ओट्यावर ठेवणारा हौशी? लोस यांचा दंडुका घेऊन चुकीच्या माणसाच्या मागे धावणे थांबवावे.

अर्थात खरा शत्रू जाणकारही नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. खरा शत्रू म्हणजे पुस्तिका. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महागड्या घरगुती यंत्रांचे निर्माते आणि विक्रेते ‘तुमच्या आवडीनुसार’ हा मंत्र जपू लागले आहेत. कवचाचे सहा रंग, मुठीचे चार प्रकार (अक्रोड, ऑलिव्ह, मॅपल आणि काळी), पायांचे दोन. पडद्यावर टिचकी मारा, चित्रातले यंत्र रंग बदलते, आणि शेवटी रक्कम दिसते. यालाही ‘कस्टमायझेशन’ म्हणतात आणि भोसरीच्या शेडमध्ये पत्रा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खटपटीलाही तोच शब्द. हा शब्दाचा गैरवापर आहे. पुस्तिकेतल्या निवडीत माणसाला वस्तूविषयी काहीही नवे कळत नाही. कळते ते फक्त स्वतःच्या ऐपतीविषयी. रसग्रहणाचे तयार नमुने असलेले मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात असते. त्यात कवितेच्या ‘सौंदर्यस्थळांचे’ पर्याय दिलेले असतात, विद्यार्थी त्यांतून दोन-तीन उचलतो. त्याला निवडीचे स्वातंत्र्य पूर्ण असते. कविता मात्र त्याने उघडलेली नसते.

उघडणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी एका दुपारचा उल्लेख करतो. आमच्या घरच्या एका बॉयलरच्या, पोलादी कवचाच्या यंत्राला गेरूसारखा रंग द्यायचे ठरले. रंगारी हा रंग देऊ शकत नाही; त्यासाठी पावडर कोटिंग लागते. पत्रा धुऊन, तेलकटपणा काढून, विद्युत्भारित कोरडी भुकटी त्यावर फवारतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. भुकटी वितळून पत्र्याला धरते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या शेडमध्ये मी गेलो तिथे पंख्यांची पाती, खिडक्यांच्या जाळ्या आणि मोटारसायकलच्या सांगाड्यांची रांग लागली होती. रंगाचा तक्ता पुढे आला. हे तक्ते बहुधा ‘राल’ या जर्मन प्रमाणाचे असतात. १९२७ साली चाळीस रंगांनी सुरू झालेले ते प्रमाण आज दोनशेच्या पुढे गेले आहे, आणि गेरू त्यात नाही, गेरूचे दोन दूरचे भाऊ आहेत. असो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी पत्रा उलटापालटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा नव्हता. “सर, याला अर्थिंगची वायर कुठं बसते?” मी जागा दाखवली. त्यांनी त्या भोकाभोवती रुपयाएवढी गोल चिकटपट्टी लावली. भुकटीचा थर वीज अडवतो. तिथे रंग बसला तर तारेचा पत्र्याशी संपर्क तुटतो, आणि आत काही बिघाड होऊन वीज कवचात उतरली तर ती जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या अंगात जाते. मग म्हणाले, “पोलादाला पकड कमी असते, आधी ब्लास्टिंग करून खरखरीत करू, नाहीतर वाफेनं सोलेल.”

या पाच मिनिटांत यंत्राविषयी जे कळले ते कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. रूप आणि कार्य यांच्यामधली जी रेघ जाणकार इतक्या आत्मविश्वासाने ओढतात, ती त्या रुपयाएवढ्या चिकटपट्टीपाशी पुसली जाते. रंगाचा निर्णय हा सुरक्षिततेचा निर्णय निघाला. पत्रा काढल्याशिवाय रंग नाही, आणि पत्रा काढल्यावर बॉयलर दिसतो, तापमानाचे खटके दिसतात, दाबाची झडप दिसते, कुठल्या जोडातून पाणी झिरपून पांढरे क्षार जमले आहेत ते दिसते. नटवण्याच्या निमित्ताने का होईना, माणूस वाचू लागतो.

आणि असे वाचणारे पुष्कळ झाले की मूळ संहिता बदलते. याचे चांगले उदाहरण म्हणजे १९९१ पासून चालत आलेले गाज्जा क्लासिक हे घरगुती यंत्र. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत दूध फेसाळण्याच्या नळीवर एक जाडसर बाही असे. ती आपोआप हवा ओढून साबणासारखा फेस करी. वापरणाऱ्यांनी ती काढून तिथे रांचिलियो कंपनीच्या सिल्व्हिया या यंत्राची सडपातळ पोलादी नळी बसवायला सुरुवात केली. दुसरी दुरुस्ती दाबाच्या झडपेची: कारखान्यातून दाब जास्त येई, लोक स्प्रिंग बदलून तो नऊ बारवर आणत. वर्षानुवर्षे या दोन दुरुस्त्या हौशी मंडळी एकमेकांना शिकवत राहिली. पुढे २०१९ च्या आसपास आलेल्या आवृत्तीत दुकानी पद्धतीची नळी कारखान्यातूनच आली, आणि २०२३ च्या आवृत्तीत नऊ बारची झडपही. समासात लिहिलेला पाठभेद मुख्य संहितेत आला. संहितेने समासाचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही. पण हे साहित्यातही असेच चालते.

यावर कोणी म्हणेल की नळी आणि झडप या उपयोगाच्या गोष्टी झाल्या. लाकडी मुठीचे काय? मी प्रत्येक लाकडी मुठीचे समर्थन करायला बसलेलो नाही. हल्ली काळे कवच आणि अक्रोडाची मूठ हे जोडपे इतके सार्वत्रिक झाले आहे की मर्ढेकरांचे संवाद-विरोध-समतोल हे लयतत्त्व त्यावर लावून दाखवणे ही एखाद्या चतुर विद्यार्थ्याची पाच मिनिटांची करमणूक ठरेल. त्यातून मूठ श्रेष्ठ ठरणार नाही, तत्त्व मात्र स्वस्त होईल. फरक करायला मदत होते ती आनंदवर्धनाची. नवव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने अलंकाराला सरसकट बाहेरचा मानले नाही. रस साकारताना ज्याच्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, जो त्याच ओघात घडून येतो, तो अलंकार त्याला मान्य होता. म्हणूनच शृंगारात जुळवून आणलेल्या यमकांविषयी तो नाखूश आहे. ही कसोटी मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. ज्याचा पंजा लहान आहे त्याने कातारी माणसाकडून आपल्या मुठीला बेतलेली बारीक मूठ कातून घेतली, आणि लाकूड निवडताना शिसवी निवडले कारण ते जड आहे व धातूच्या पेल्याचा तोल सांभाळते: इथे सौंदर्य वेगळ्या प्रयत्नाने आलेले नाही. लाकडाला अधूनमधून तेल द्यावे लागते, ते पाण्यात बुडवून ठेवता येत नाही, म्हणून वस्तूशी रोजचा संबंधही उरतो. याउलट पुस्तिकेतून मागवलेली, सगळ्यांच्या हातांना सारखीच न बसणारी मूठ हे जुळवलेले यमक आहे.

तरी मला आनंदवर्धनापाशीही पूर्णपणे थांबता येत नाही. त्याने ज्याला चित्रकाव्य म्हणून खालच्या पायरीवर बसवले त्याचीही एक गंमत असते, आणि ती नाकारणारी अभिरुची मला कोरडी वाटते. एलेक्ट्रा कंपनीच्या मिक्रो काझा आ लेव्हा या घरगुती दांड्याच्या यंत्रावर अजूनही छोटासा गरुड बसलेला असतो. त्याचा उपयोग शून्य. पण ज्या काळी वाफ ही नवलाची गोष्ट होती त्या काळाची ती आठवण आहे, आणि घरातली मुले त्याला नाव ठेवतात. असा गरुड कोणी आपल्या यंत्रावर हाताने घडवून बसवला तर मी त्याच्याकडे कसोट्या घेऊन जाणार नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. एवढे यंत्र घेण्याची ऐपत किती जणांची? अनेक घरांच्या महिन्याच्या कमाईहून अधिक किमतीच्या वस्तूविषयी अलंकारशास्त्र बोलणे हे निलाजरेपणाचे नाही का? वर्गाचा हा प्रश्न खरा आहे, पण तो यंत्र विकत घेण्याला लागू होतो, त्यात बदल करण्याला नव्हे. न बदललेले यंत्रही तितक्याच किमतीचे असते, आणि जुने घेऊन सुधारलेले यंत्र तर बहुधा बरेच कमी किमतीचे. आपल्या घरांत वर्ग दुसऱ्याच जागी दिसतो, आणि तिकडे हौशी आणि टीकाकार दोघांचेही लक्ष नसते. कॉफी घरातला माणूस करतो, पण यंत्राखालचे तपकिरी पाणी, कोपऱ्यात वाळलेले दूध, कवचावरची बोटे पुसतात त्या कामाला येणाऱ्या बाई. मळकट न दिसणारा रंग कोणता, कुठल्या कंगोऱ्यात फडके अडकते, ओली मूठ हातातून निसटते का, हे त्यांना सगळ्यात आधी ठाऊक असते. यंत्राच्या रूपाविषयी त्यांचे मत विचारल्याचे मी कोणत्याही घरात ऐकलेले नाही. आमच्याकडे विचारले तेव्हा उत्तर तत्काळ आले: “गेरू चालंल, पण चकचकीत नको, डाग उठून दिसत्यात.” म्हणून कवच खरखरीत पोताचे झाले.

राहता राहिला तो स्क्रूचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने भांडणाचे खरे मैदान तेच आहे. जुन्या यंत्रांचे झाकण दोन साध्या स्क्रूंनी निघे. आता पुष्कळ घरगुती यंत्रांची कवचे आतून अडकवलेल्या प्लास्टिकच्या आकड्यांनी बंद असतात. ते एकदा उघडले की तुटतात. काही ठिकाणी स्क्रूचे डोके असे निराळ्या आकाराचे असते की साधा पेचकस चालत नाही. झाकण उघडल्यास हमी रद्द, अशी पट्टी जोडावर चिकटवलेली असते. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. त्यातल्या वस्तूंच्या यादीत धुलाईयंत्रे, शीतकपाटे, भ्रमणध्वनी, व्हॅक्यूम क्लीनर आहेत, कॉफीयंत्र नाही. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. तिथेही भर मोटारी, शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी आणि घरगुती विद्युत उपकरणे अशा मोठ्या वर्गांवर आहे. कंपनीला आपण रंगांचे आणखी सहा पर्याय मागू नयेत. मागायचेच असेल तर साध्या पेचकसाने निघणारे दोन स्क्रू मागावेत, आणि आतल्या तारांचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला छापून मागावा. गेरू कुठे मिळतो ते आमचे आम्ही पाहू.